थेट शेतातली आठवड्याची भाजी: आगाऊ पैसे भरण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कोथरूडला राहता, घरात सासूबाई धरून चार माणसे, तुम्ही दोघे नोकरीवर. मुळशीकडचा एक शेतकरी जून ते ऑगस्ट असे १३ आठवडे दर शनिवारी साधारण ६ किलो भाजी घरपोच द्यायला तयार आहे. आठवड्याला ६०० रुपये, म्हणजे एकूण ७,८००, आणि सगळे आगाऊ. शेजारणीने गेल्या वर्षी हेच घेतले होते. तिला दोडका-दुधीचा वीट आला आणि मधले काही शनिवार पिशवी अर्धीच आली. मग पैसे भरावेत का, आणि ही भाजी खरोखर सेंद्रिय असते का, असे तुम्ही विचारले आहे.

मी पुरंदर तालुक्यात शेती करते. मी आणि माझे दीर मिळून पुण्यातल्या काही सोसायट्यांना अशीच वर्गणीची भाजी पुरवतो. त्याआधी बरीच वर्षे आमचा माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जायचा. दोन्हीकडचा हिशेब जवळून पाहिला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही भावाबद्दल आणि सेंद्रियबद्दल विचारलेत, पण शेजारणीची तक्रार वाचून मला खरी अडचण वेगळी वाटते. पीक गेले तर तोटा कुणी सोसायचा आणि पीक उदंड आले तर ते कुणी खायचे, हे शेजारीण आणि तिचा शेतकरी यांच्यात आधी बोलणेच झालेले नव्हते. दुकानातून भाजी घेताना हा प्रश्न येत नाही, कारण तिथला तोटा शेतकऱ्याने आधीच गिळलेला असतो. आगाऊ वर्गणी भरली की तुम्ही त्या हंगामात थोड्या भागीदार होता. भागीदारी मान्य असेल तर ही पद्धत फार चांगली आहे. नसेल, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच मन खट्टू होते.

उदंड येण्याचे आधी सांगते. दोडक्याचा वेल लावल्यापासून साधारण ५० दिवसांनी फळे धरायला लागतो आणि मग दीड-दोन महिने थांबत नाही. त्याला कुणी 'या आठवड्यात पुरे' म्हणून सांगू शकत नाही. दुधी, घोसाळी, कारली, पडवळ यांचेही तेच. चांगला शेतकरी लावण टप्प्याटप्प्याने करतो, दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने, म्हणजे सगळे वेल एकदम फळाला येत नाहीत. तरीही सलग दोन-तीन शनिवार दोडका येणारच. पाच-सहा शनिवार एकच भाजी आली, तर मात्र त्याचे नियोजन कच्चे आहे असे खुशाल समजा.

भेंडीची गोष्ट आणखी नाजूक. तिचा तोडा एक दिवसाआड असतो. आज बोटाएवढी असलेली भेंडी दोन दिवसांनी हातात घेतली तर टोक कट्कन मोडत नाही, दोरीसारखे नुसते वाकते. म्हणजे ती जून झाली. गुरुवारी रात्री जोराचा पाऊस लागला की शुक्रवारी सरीत पाय घालता येत नाही, घोट्यापर्यंत रुततो. घातलाच तर मुळाशी माती दडपून झाड बसते. तोडा लांबतो आणि शनिवारच्या पिशवीत निम्मी भेंडी जून जाते. आम्ही तोडणीच्या वेळी प्रत्येक भेंडीचे टोक मोडून बघू शकत नाही, पण मोठी दिसली की वेगळ्या क्रेटमध्ये टाकतो आणि ती वजनात धरत नाही. तुमचा शेतकरी जून माल वजनात धरतो की नाही, हे पहिल्याच पिशवीत कळेल.

आता अर्ध्या पिशवीचे. पावसाळा हिरवागार दिसतो म्हणून भाजीही भरपूर असेल असे शहरात वाटते. पालेभाजीसाठी तो सगळ्यात वाईट काळ. मेथी एरवी २५-३० दिवसांत काढायला येते, पण आठवडाभर झड लागली की बी वाफ्यातच कुजते. उगवलीच तर पानांवर चिखल उडतो आणि जुडी टेम्पोत पुण्याला पोचेपर्यंत काळी पडते. जमिनीला वाफसा येत नाही, म्हणजे चिखल ओसरून माती कामाजोगी होत नाही, तोवर पेरता येत नाही, खुरपता येत नाही. बाजारात मेथी-कोथिंबिरीचे भाव जुलै-ऑगस्टमध्ये चढतात ते यामुळेच.

त्यात तुमचा शेतकरी मुळशीचा. मुळशी हा धो धो पावसाचा, भाताचा तालुका. जुलैत तिथे सगळे घर भाताच्या लावणीत असते. उताराच्या जागेवर मांडवावरचे वेल होतात, अळू चांगले येते, अंबाडी होते, परसात काकडी होते, शेडनेट असेल तर थोडी पालेभाजीही होते. रानात टाकळा, कुरडू, भारंगी, कर्टोली मिळतात आणि हौसेने खाणाऱ्या घराला तो आठवडा सणासारखा असतो. पण मुळशीतून जुलैच्या प्रत्येक शनिवारी मेथी, फ्लॉवर, मटार आणि लालबुंद टोमॅटो यायला लागले, तर ते त्या शेतातले नव्हेत.

या मुद्द्यावर माझे मत पक्के आहे. पिशवी कमी भरली की काही जण पहाटे मार्केट यार्डातून क्रेट उचलतात आणि आपल्या भाजीत मिसळून पाठवतात. ग्राहक नाराज होऊ नये, हाच हेतू असतो. पण तुम्ही पैसे ज्या गोष्टीसाठी भरले तीच त्यातून निघून जाते आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. शेजारच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून माल घेऊन 'हा अमक्याच्या रानातला' असे सांगून देणे मला मान्य आहे, आम्हीही देतो. आमच्याकडे पावसापेक्षा उन्हाळ्याची अडचण मोठी. एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते, शेततळ्यातले पाणी आधी फळबागेला द्यावे लागते. मग पिशवीत तांदुळजा, गवार, काकडी, शेवगा एवढेच उरते. तेव्हा आम्ही कमी देतो, त्या आठवड्याचे कमी लावतो आणि तसे आधी कळवतो. शेजारणीला अर्धी पिशवी देणारा माणूस माझ्या मते निदान खरे वागला. त्याचे चुकले असेल तर एवढेच, की उरलेल्या अर्ध्याचे काय, हे त्याने सांगितले नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी त्याला सरळ विचारा: 'एखाद्या आठवड्यात ६ किलो निघाली नाही तर तुम्ही काय करता?' याची तीन प्रामाणिक उत्तरे असू शकतात. पुढच्या आठवड्यात भरून देतो, शेवटी हिशेब करून पैसे परत देतो, किंवा तोटा दोघांनी निम्मा निम्मा सोसायचा. तिन्ही चालतील, फक्त ठरलेले हवे. 'आमच्याकडे कधी कमी पडतच नाही' हे चौथे उत्तर आले, तर मी पैसे भरणार नाही.

भावाचा हिशेब लोक आठवड्याचा करतात आणि तिथेच फसतात. ६०० भागिले ६, म्हणजे किलोला १०० रुपये. ज्या आठवड्यात पिशवीत दुधी आणि भोपळा असेल त्या आठवड्यात हे महागच वाटेल, कारण मंडईत ते याच्या निम्म्याने मिळतात. उलट ज्या आठवड्यात गवार, कोवळी काकडी, अळू आणि कर्टोली असेल तेव्हा हाच भाव स्वस्त पडतो. हंगाम संपल्यावर बेरीज करा. २०२३ साली मे महिन्यात टोमॅटोला इतका पडेल भाव होता की नाशिककडे शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला, आणि जुलैत तोच टोमॅटो किरकोळीत शंभर-दीडशेच्या पुढे गेला. आमच्या वर्गणीदारांचा किलोमागचा आकडा त्या दोन्ही महिन्यांत तोच होता. मे महिन्यात त्यांनी बाजारापेक्षा जास्त दिले, जुलैत बाजारापेक्षा कमी. मे महिन्यात कुणी कुरकुर केली नाही म्हणून जुलैत आम्हालाही टोमॅटो यार्डात नेण्याचा मोह टाळता आला.

तरी एक सांगते. वर्षभराची बेरीज केली तरी ही भाजी मंडईपेक्षा थोडी महागच पडेल. खुरपणीला मजूर लागतात, थोड्या थोड्या भाज्या अनेक प्रकारच्या लावायच्या म्हणजे मेहनत वाढते, आणि घरोघर पोचवण्याचा खर्च असतो. पैसे वाचवणे हाच हेतू असेल तर संध्याकाळी मंडईत जाणे बरे.

आगाऊ पैसे कशाला, असा प्रश्न मनात असेलच. पावसाळी वेलांसाठी मांडव घालावा लागतो. बांबू, तार, सुतळी, रोपे, शेणखत, मजुरी हा सगळा खर्च पहिली काकडी तोडण्याच्या दीड-दोन महिने आधी होतो. तो एक तर गावच्या पतपुरवठा सोसायटीच्या कर्जातून होतो, सावकाराकडून होतो, नाही तर तुमच्या वर्गणीतून. आणि विक्री कायदेशीर आहे का, असेही काही जण विचारतात. आहे. २०१६ साली राज्य सरकारने फळे आणि भाज्या बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढल्या, त्यामुळे शेतकरी तुमच्या दारात येऊन भाजी विकू शकतो. मात्र आगाऊ रक्कम एकदम तीन महिन्यांची असलीच पाहिजे असे नाही. आम्ही महिन्याची घेतो. नवीन माणसाकडून तेवढेच मागणे दोघांच्याही हिताचे असते.

एवढ्यावरून लक्षात आले असेल की एकाच भाजीचा मारा आणि अर्धी पिशवी, दोन्ही शेतीतच असतात. त्यातले किती शेतकऱ्याच्या नियोजनाने कमी होते आणि किती तुम्ही मान्य करायचे, एवढेच ठरवायचे आहे.

आता सेंद्रियचे. नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका आणि नुसत्या कागदावरही ठेवू नका. कागद म्हणाल तर छोट्या शेतकऱ्यांसाठी पीजीएस-इंडिया ही केंद्राच्या कृषी मंत्रालयाची पद्धत आहे. यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट असतो आणि ते एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात. रसायने सोडून सेंद्रियकडे वळण्याच्या काळात 'ग्रीन' आणि नंतर 'ऑरगॅनिक' असा शेरा मिळतो. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांमध्ये प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण मग त्याला सेंद्रिय मालावरचे 'जैविक भारत' हे सरकारी चिन्ह लावता येत नाही. म्हणजे कागद नसणे हा गुन्हा नव्हे. कागद नसेल तर शेत दाखवायची तयारी मात्र हवी.

शेतावर जाल तेव्हा वांग्याच्या वाफ्याशी उभ्या राहा आणि विचारा, शेंडेअळीला काय करता? वांगे हे कीड सगळ्यात जास्त ओढणारे पीक. खरोखर रसायनाविना पिकवणारा माणूस या प्रश्नावर दहा मिनिटे बोलेल. किडके शेंडे खुडून जाळतो, मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे कामगंध सापळे लावतो, निंबोळी अर्क आणि दहा झाडपाल्यांचा दशपर्णी अर्क मारतो, तरीही तोड्यातली इतकी वांगी फेकावी लागतात, असे सांगेल. कोबी असेल तर मध्ये मोहरीच्या ओळी आहेत का बघा. कोबीच्या २५ ओळींमागे २ ओळी मोहरी लावली की कोबीवरच्या अळीचा पतंग तिच्यावर अंडी घालतो. 'आमच्याकडे रोग येतच नाही' असे म्हणणाऱ्याचे मला नवल वाटते. पावसाळ्यात भेंडीवर हळद्या, टोमॅटोवर करपा आणि काकडीवर केवडा येतोच. आणि पालकाच्या पानाला भोक दिसले म्हणजे भाजी सेंद्रिय, असे समजू नका. फवारणीच्या आधीही अळी पान खाते. बांधापलीकडच्या शेतात काय फवारतात आणि वारा कुठून वाहतो, हेही विचारा. आमच्या पश्चिमेच्या बांधाला म्हणूनच आम्ही शेवरी आणि गिरिपुष्पाच्या झाडांची दाट ओळ ठेवली आहे आणि त्या बाजूचे दोन वाफे वर्गणीच्या भाजीला वापरत नाही.

तुमच्या घराबद्दल थोडे. जिथे आधी डब्याला काय न्यायचे ते ठरते आणि मग भाजी आणली जाते, त्या घराला ही पद्धत जड जाते. जिथे फ्रीज उघडून 'काय आहे' ते बघून स्वयंपाक ठरतो, तिथे ती सहज रुळते. तुमच्याकडे दोन डबे जात असतील तर सोमवार ते शुक्रवार कोरडी भाजी लागणार, आणि पावसाळी पिशवीत पाणीदार भाज्या जास्त. दोडक्याची चण्याची डाळ घालून कोरडी भाजी होते, शिरांची चटणी होते, पडवळाचीही डाळीवर भाजी होते, पण हे सगळे शनिवार-रविवारी निवडून-चिरून ठेवायला कुणाला तरी वेळ हवा. सासूबाईंना विचारून घ्या. त्या चातुर्मास पाळत असतील तर आषाढी एकादशीपासून घरात वांगे चालणार नाही, काही घरांत कांदा-लसूणही नाही. आमच्या बऱ्याच घरांत तसे असते, म्हणून आम्ही त्या काळात वांग्याऐवजी दुसरे काही द्यायची सोय ठेवतो. ही बदली आधी सांगितली तर होते, शनिवारी सकाळी फोन करून होत नाही.

आणि सगळी पिशवी एकटीने घेऊ नका. त्याच शेजारणीबरोबर अर्धी अर्धी घ्या. तिला वीट आला तो भाजीचा नव्हे, एकाच वेळी जास्त आलेल्या भाजीचा. आमच्या एका सोसायटीत गेटपाशी एक रिकामा क्रेट ठेवतात. ज्याला कारले नको तो ते त्यात टाकतो आणि दुसऱ्याने ठेवलेले काही उचलतो. दुपारपर्यंत क्रेट रिकामा होतो. ही कल्पना तिथल्या बायकांचीच, आम्ही फक्त क्रेट दिला. उरलेल्या गरजेसाठी तुमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडून घेत राहा. कांदा, बटाटा, लिंबू, आले बहुतेक वर्गणीत नसतेच.

पिशवी घरी आली की तिचा तास शनिवारीच द्या. पालेभाजी धुऊन ठेवू नका. जुडी सोडा, पिवळी आणि चिखलाची पाने काढा, सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा. मुळा-बीटाचा पाला लगेच कापून वेगळा करा, नाहीतर तो मुळातले पाणी ओढून कंद मऊ पाडतो. पाल्याची भाजी त्याच दिवशी. भेंडी पूर्ण कोरडी करून ठेवा. वांगी आणि काकडी फ्रीजच्या सगळ्यात थंड भागात ठेवली की डाग पडतात, त्यांना खालचा कप्पा द्या. टोमॅटो आणि भोपळा बाहेरच. खाण्याचा क्रम शनिवार-रविवार पालेभाजी, मग भेंडी-गवार, मग दोडका-पडवळ, आणि आठवड्याच्या शेवटी कोबी, दुधी, भोपळा. हा क्रम पाळला तर फेकायला फारसे काही उरत नाही.

आता तुमच्या बाबतीत मी काय करीन ते सांगते. मुळशीच्या शेतातून जून-ऑगस्टच्या १३ आठवड्यांसाठी एकदम ७,८०० रुपये मी भरणार नाही. शेतकरी वाईट म्हणून नव्हे, तर त्या भागात भाजीला तो सगळ्यात अवघड काळ आहे आणि तुमची पहिलीच वेळ आहे. त्याला सांगा की महिन्याचे पैसे देते, दोन घरांत मिळून एक पिशवी घेते, आणि जमले तर नोव्हेंबरपासून पुढचा पूर्ण हंगाम घेईन. नोव्हेंबर ते जानेवारीत मेथी, पालक, चाकवत, मुळा, नवलकोल, फ्लॉवर, कांदापात, ओला हरभरा सगळे एकदम असते. भोगीच्या आठवड्यात तर घेवडा, पावटा, गाजर, वांगी, सोलाणे असे सगळे एकाच पिशवीत देता येते आणि ती पिशवी भरताना आम्हालाच आनंद होतो. त्या काळात सुरुवात केलीत तर पिशवी उघडायची गोडी लागेल. पुढच्या जूनमध्ये दोडका आला तरी मग तुम्ही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघाल.

तो महिन्याच्या वर्गणीला तयार झाला तर व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहून घ्या: किती किलो, कोणता वार, कमी पडल्यास काय, गावाला गेलात तर किती दिवस आधी कळवायचे आणि तो आठवडा पुढे ढकलता येईल का, आणि बाहेरचा माल घातला तर तो सांगेल की नाही. आणि पहिल्या महिन्यात एक रविवार काढून सासूबाईंना आणि घरच्या सगळ्यांना घेऊन त्याच्या शेतावर जाऊन या. लावणीच्या दिवसांत गेलात तर आधी फोन करा, कारण सगळे चिखलात असतील.